सहा हजारचा सूर

११ डिसेंबर

आज पुन्हा डाळ करपली. कुकर शिट्ट्या मारून थकला, बाबा शेजारीच पेपर वाचत बसलेले. आई नळावरून आली, वास आला, आणि बाबांच्या तोंडासमोर उभी राहून म्हणाली, "या भैऱ्याले चुलीत घातलं तरी समजाचं नाई." बाबांनी मान वर केली. "काय झालं?" मी कुकरकडे बोट दाखवलं. त्यांनी उठून गॅस बंद केला. मी करपलेली वरची डाळ काढून डबा भरला आणि दारव्ह्याची जीप गाठली.

दुकानात दिवसभरात एकच मोटर वाइंडिंगला, जळकी तार बदलायला. यंदाही कापसाची पऱ्हाटी हातची गेली, विहिरीवरच्या जळक्या मोटरी लोक तशाच ठेवून राह्यले. मालक शकील चाचा बाहेर खुर्ची टाकून बसलेले.

दुपारी पुण्याचा एक माणूस आला. ईशान नाव. जुने भोंगे आणि तांब्याची तार पाहिजे. दारव्ह्यातल्या कापसाच्या बंद जिनात चार दिवसांचा कला महोत्सव करणार म्हणे, आवाजाचा. म्हटलं, म्हणजे गाणी? म्हणाला, "गाणी सोडून बाकी सगळं."

मी तार गुंडाळत होते ते बराच वेळ पाहत उभा राहिला. कुठं शिकलीस विचारलं. आयटीआय, अन् इथं. वहीत माझं नाव लिहून घेतलं. सुजाता, एवढंच. आडनाव विचारलं नाही. इथं आधी तेच विचारतात.

१४ डिसेंबर

जिनात गेले. बाबांनी बावीस वर्षं काढली ती हीच. लहानपणी सुटीत डबा घेऊन यायची तेव्हा फाटकाशी थांबायची, आवाज पोटात शिरायचा. आता मशीन विकून झाल्या. जमिनीत नुसते बोल्ट उभे आणि वर पारवे.

घरी केलेली कॉइल नेली होती. जुन्या टेपरेकॉर्डरच्या सर्किटला जोडून हेडफोन लावला की विजेचा आवाज ऐकू येतो. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळ घुमतो, मोबाईलजवळ टकटक. मी हे गंमत म्हणून केलेलं, दुकानात कोणाला दाखवलंही नाही. ईशान सरांची सगळी माणसं रांग लावून ऐकायला आली. ई. सर म्हणाले, "तू मेकर आहेस."

मेकर. दुकानात मी 'वाइंडिंगवाली पोरगी'.

परत येताना सरांनी जिनाचा आवाज कसा होता ते विचारलं. सांगितलं. बाबांचे कान त्यातच गेले, हेही सांगितलं. ते चालता चालता थांबले. "किती गेले?" म्हटलं, जाड आवाज पोचतो. बोललेलं अर्धं. शिट्टी, पाखरू, फोन, काहीच नाही.

"असे अजून किती जण आहेत?"

चार तरी निघतील म्हटलं.

१८ डिसेंबर

ई. सर घरी आले, बोरीला. गल्लीतले लोक दारात. आईने चहा केला, बशीत बिस्किटं. सर बाबांशी मोठ्यानं बोलू लागले तेव्हा आई म्हणाली, "कायले घसा फोडता? याईच्यासमोर काईबी बोला, भितीसारखे हायेत. मी तं रोज श्या देतो, तरी हासतेत."

सगळे हसले. मी पण. बाबा एक क्षण आमच्याकडे पाहत राहिले, मग तेही हसले.

सर वहीत लिहीत होते.

२२ डिसेंबर

तपासणी झाली.

ई. सरांनी मला यंत्र करायला सांगितलं होतं, नॉब फिरवला की सूर जाड ते बारीक होत जाणारं. दोन दिवसांत केलं. सामान दुकानातलंच. जिनाच्या जुन्या ऑफिसात चौघांना एकेक करून बसवलं. बाबा, त्यांच्यासोबत जिनात काम केलेले हमीद चाचा, आणि गाठी बांधायच्या प्रेसवरचे दोघं. कानाला हेडफोन, ऐकू आलं की हात वर करायचा.

"त्यांना काय सांगू?" मी आधी विचारलं होतं. सर म्हणाले, "तपासणी आहे सांग. तेच आहे ना?"

हमीद चाचांनी हेडफोन काढता काढता विचारलं, "मंग बेटा, कानाची मशीन भेटंल का?"

मी म्हटलं, "पाहू न चाचा. आधी तपासनी होऊ द्या."

हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ते खुश होऊन गेले. नातीचं बोलणं ऐकू येत नाही म्हणत होते, ती लई बारीक आवाजात बोलते.

कागदावर चौघांच्या रेघा काढल्या. तीन हजार हर्ट्झपर्यंत पोचता पोचता हात वर यायचे थांबले. सहा हजारांवर मी आवाज एवढा वाढवला की हेडफोन टेबलावर ठेवला तरी माझे कान दुखत होते. बाबा त्याच हेडफोनमध्ये शांत बसून होते, पुढच्या सुराची वाट पाहत.

ई. सर कागद पाहून म्हणाले, "परफेक्ट."

२३ डिसेंबर

आज सांगितलं काय करायचं ते.

चौघं खुर्च्यांवर बसतील, लोकांकडे तोंड करून, उजेडात. चार भोंग्यांतून सहा हजारचा सूर. अकरा मिनिटं. लोक कान झाकतील. हे चौघं नुसते बसलेले. बस्, एवढंच.

मला लगेच समजलं. समजलं नाही असं मी इथं तरी लिहू नये.

म्हटलं, "लोक हासतील सर."

"हसतील, मग त्यांना लाज वाटेल. त्रास ऐकणाऱ्यांना व्हायला हवा. या माणसांचं काय झालं ते एरवी कोण बघतं?"

म्हटलं, मग त्यांना सांगू या. तर म्हणाले, सांगितलं की ते अभिनय करतील, मग सगळं खोटं होईल. मग वही बंद करून पुण्याच्या जागेचं बोलले. सहा महिने, त्यांच्या प्रयोगशाळेत. राहायची सोय. पाच जण घेतात, देशभरातून. "तुझं नाव मी देतो आहे. या कामात तूच तंत्र सांभाळलंस हे त्यांना दिसेल."

चोवीस वर्षांची झाले. आई महिन्यातून एक स्थळ आणते.

मी विचारलं, भोंगे किती वॅटचे लागतील.

२९ डिसेंबर

अॅम्प्लिफायर पूर्ण. दुकानाच्या मागच्या खोलीत भोंगा लावून पाहिला. शकील चाचा कान धरून आत आले. "बंद कर! ये क्या है?"

महोत्सवासाठी म्हटलं.

"अन् हमीद मामू त्यात काय करून राह्यले? ते तं गावभर सांगत फिरून राह्यले, पुन्यावाले कानाची मशीन देऊन राह्यले म्हनून."

"ते बसनार हायेत. जुने कामगार म्हनून सत्कार आहे."

सत्कार. हा शब्द कुठून आला मलाच माहीत नाही. चाचांनी भोंग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "त्यांना हे ऐकू येते का?" म्हटलं, थोडं येते.

एका दमात दोन थापा.

३ जानेवारी

महोत्सव परवापासून चालू आहे. एकीने कापसाच्या बोंडांना बारीक माईक लावलेत, बोंड फुटताना करकरतं ते ऐकायचं. बंगालमधल्या एका मुलाने फवारणीच्या पंपांचा बाजा केलाय, पंप मारला की सूर निघतो. शाळांची पोरं येऊन मारून पाहतात. दारव्ह्याचे लोक आधी फाटकाशी उभे राहून हसायचे, आता आत येतात. माझ्या कॉइलच्या टेबलावर पाटी आहे: सुजाता, बोरी अरब. हेडफोन लावून म्हाताऱ्या बायका डीपीकडे चालत जातात आणि "अगं माय" म्हणून परत येतात. तीन दिवसांत एवढे लोक माझ्याशी बोलले तेवढे तीन वर्षांत नसतील. मला हे आवडतंय. खूप.

उद्या संध्याकाळी पाचला आमचं.

५ जानेवारी

कालचं लिहिते. जसं झालं तसं.

बाबांनी सकाळीच दाढी केली. पांढरा शर्ट आईकडून इस्त्री करून घेतला. जीपमध्ये विचारलं, "मले काय करा लागते?"

"बसून राहा लागते, बाबा."

"अन् आइकाचं काय?"

"मशीनचा आवाज."

हमीद चाचा टोपी, अत्तर. नातीलाही घेऊन आले होते, सात-आठ वर्षांची.

शेड भरली. एका शाळेची सातवी-आठवी, मास्तर, पुण्या-मुंबईचे पाहुणे, दारव्ह्याचे व्यापारी, जिनाचे जुने हमालही. चौघं उजेडात बसले. मी बाजूला टेबलावर, सगळ्यांना दिसेन अशी. ई. सर जवळ येऊन म्हणाले, "ते ठीक आहेत ना? काही विचारत होते का?" मी म्हटलं, "त्यांना काही समजत नाही. करू का चालू?"

नॉब फिरवला.

सगळ्यात आधी पोरांनी कान झाकले. मग सगळ्यांनी. पारवे एकदम उडाले. कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं, बाई त्याला घेऊन बाहेर पळाली. मी कानात कापूस घातला होता तरी दात शिवशिवत होते. आणि चौघं बसलेले, मांडीवर हात ठेवून, फोटोला बसतात तसे.

दोन-तीन मिनिटांनी हमीद चाचा मोठ्यानं म्हणाले, "चालू करा ना बाप्पा. कवाचे बसून राह्यलो."

आधी मागून एकजण हसला. मग पोरं. मग मास्तर, व्यापारी, हमाल. कानात बोटं घातलेली आणि तोंडं उघडी. पाहुण्यांतली एक बाई रडत होती, पण तीही बसूनच होती. लोक हसतात म्हणून हमीद चाचाही हसले. त्यांना वाटलं त्यांच्या बोलण्यावर हसले. परत म्हणाले, "मशीन बिघडली का व सुजाता?" पुन्हा हशा. नात पुढे पळत आली, त्यांचा हात ओढू लागली, कान दाखवू लागली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं. ती त्यांच्या छातीत डोकं खुपसून ओरडत होती. ते तिला थोपटत होते.

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे पाहत होते. पूर्ण वेळ.

नॉब माझ्या हातात होता. अकरा मिनिटं झाल्यावर बंद केला. आधी नाही.

टाळ्या. ई. सरांनी चौघांना वाकून नमस्कार केला. चहा झाला. लोक बाबांसोबत फोटो काढून घेत होते. हमीद चाचा मला शोधत आले. "मंग मशीन कवा येईन?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

६ जानेवारी

ई. सर निघायच्या घाईत, सामान गाडीत चढवत होते. विचारलं. हमीद चाचांच्या मशीनचं काय करायचं.

"कुठलं मशीन?"

सांगितलं.

"सुजाता, मी मशीन म्हटलं नव्हतं. तपासणी म्हटलं होतं. मशीनचं तू म्हणालीस."

खरं आहे. पाहू असं म्हटलं होतं, ते मीच.

जाताना म्हणाले, लोक हादरलेत, मुंबईचे पाहुणे तर फारच. पुढच्या महिन्यात पुण्यात करायचं ठरतंय.

८ जानेवारी

पेपरात फोटो आला. वर चौघं, खाली कान झाकलेली पोरं. मथळ्यात 'बहिऱ्यांची मैफल'.

आज बाजाराचा दिवस. बाबा भाजी आणायला गेले. मी मागून जीपमधून उतरत होते तेव्हा पाहिलं. पानठेल्यावरच्या दोघांनी बाबांना पाहून कानात बोटं घातली. मग भाजीवालीच्या पोरानं. मग जीपच्या ड्रायव्हरनं, आमच्या रोजच्या, हसत हसत, मला दाखवून. बाबांनी वांगी घेतली, मिरच्या घेतल्या, पिशवी खांद्याला लावली आणि त्या सगळ्यांमधून चालत आले.

आईला गल्लीतून समजलं. मी घरी आले तर उंबऱ्यात उभी.

"काय केलं व तू?"

मी सांगू लागले, ते कला आहे, लोकांना लाज...

"कोनाले लाज वाटली? नाव सांग एकाचं."

मी म्हटलं, "तू नाई का त्यांना रोज भैरा म्हनत?"

"म्या म्हनतो. घरात म्हनतो. अन् रातच्याले त्याचे पाय बी मीच दाबतो. तू बजारात मांडला त्याले."

जेवलो नाही कोणी. बाबा जेवले.

९ जानेवारी

शकील चाचांनी दुकान उघडलेलं, पण माझं स्टूल आत ठेवलेलं नाही, बाहेर.

"हमीद मामू घरातून निघून नाई राह्यले. नमाजलेबी नाई गेले. त्या पोरीनं घरी सांगतलं, कान किती दुखत होते ते. मामूले आता समजलं."

म्हटलं, चाचा, मी माफी मागायला जाते.

"नको जाऊ. तू गेली तं त्यांना तुझ्याशी बोला लागंल." मग हात पुढे केला. "चाबी दे."

सात वर्षं त्या किल्लीनं मी दुकान उघडलं. दिली. "थोडं ऐकू येते, हे तू मले सांगतलं होतं," एवढंच म्हणाले. मोठ्यानं बोलले नाहीत. समोरच्या चहावाल्यानं कप धुवायचं थांबवून ऐकलं.

१० जानेवारी

तरी गेले. हमीद चाचांच्या दारापर्यंत. सुनेनं दार अर्धं उघडलं, मला पाहिलं, लावून घेतलं. आत नात काहीतरी सांगत होती. "मोठ्यानं बोल," चाचा म्हणाले. ती बोलली. "अजून मोठ्यानं." ती ओरडून बोलू लागली. मग रडू लागली.

मी गल्लीच्या टोकापर्यंत पळत आले.

१२ जानेवारी

बाबांशी बोलले.

ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसले. वही-पेन घेऊन गेले होते, मोठ्यानं सांगायची हिंमत नव्हती, गल्ली ऐकेल. लिहायला लागले तर त्यांनी वही खाली ठेवली.

"तोंडानं बोल. दिसते मले."

समजलं नाही.

"जिनात कोन कोनाचं आइकते व? बावीस वर्सं तोंडं पाहूनच काम केलं. ये, जा, पट्टा थांबव, बीडी दे. सारं व्होटावर. हमीदले बी येते, पन आता नजर गेली त्याची."

म्हणजे आई रोज जे... मी जे आईशी, त्यांच्यासमोर, लग्नाचं, त्यांच्या खोकल्याचं, भैऱ्याला काय समजते...

"सारं समजत होतं?"

"सारं नाई. तुमी पाठ फिरवली का मंग नाई."

अजून दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "त्यांना काही समजत नाही. करू का चालू." माझ्याच शब्दांत, शुद्ध, मी सरांशी बोलते तसं. मी त्या टेबलावर बोलले ते.

"मंग तुमी उठले काहून नाई बाबा?"

"उठलो असतो तं साऱ्याईले समजलं असतं, का पोरीनं बापाले फसवून आनलं. सारे तुह्याकडे पाह्यत होते. बसलो मंग."

मी रडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, रागावलेही नाहीत. टोपली उचलून आत गेले.

१५ जानेवारी

बाबा माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. पाणी दे म्हणतात. पण मी बोलायला लागले की डोळे मिटतात. पहिल्यांदा वाटलं, दमले असतील. आज तीनदा पाहिलं. आई बोलते तेव्हा उघडे असतात. तिच्या शिव्या पूर्ण पाहतात.

आईच्याही ते लक्षात आलंय. 

१९ जानेवारी

पुण्याहून फोन. जागा मिळाली, पाच जणांत माझं नाव आहे. एक तारखेला हजर व्हायचं. आणि ई. सर म्हणाले, फेब्रुवारीअखेरीस तोच प्रयोग तिथल्या सभागृहात, चौघांचं जायचं-यायचं, राहायचं ते पाहतील. "बाबा तरी येतील ना? ते फार ताकदीचे वाटले. त्यांची नजर."

म्हटलं, त्यांना सगळं समजलं होतं सर. पहिल्यापासून.

मग म्हणाले, "हे तर अजूनच मोठं आहे. हे आपण वापरू शकतो."

मी फोन ठेवला नाही. ठेवायला पाहिजे होता. "विचारून सांगते" म्हटलं.

२८ जानेवारी

आईनं स्वतःच पेटी माळ्यावरून काढून दिली. "जा नाईतं राहा. पन काय ते कर." दुकान गेलं, इथं मला काम कोण देणार ते तिलाही माहीत आहे. दोन ड्रेस ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. कॉइल ठेवली.

दुपारी बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. मी समोर जाऊन बसले. त्यांनी डोळे मिटले.

म्हटलं, "बाबा, मी चालली. परवा सकाळच्या गाडीनं."

चेहऱ्यावर काही नाही. पापण्या हलल्यासुद्धा नाहीत. आवाज वाढवला नाही, गल्लीत लोक होते. मग म्हटलं, "नाई जात. इथंच राह्यतो."

तसाच चेहरा. उन्हानं पांढरे झालेले दाढीचे खुंट, मांडीवर हात.

मी बसून राहिले, त्यांनी डोळे उघडायची वाट पाहत. आतून आईनं विचारलं, "काय म्हनते मंग तुहा बाप?"